पडद्यावरच्या चंद्राला खळे

आमच्या इमारतीत मराठी बोलणारी घरे दोनच. एक आमचे, दुसरे तिसऱ्या मजल्यावरच्या शुभंकरचे. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून बेंगळुरूला आले म्हणतात. शुभंकर सहा वर्षांपूर्वी पुण्याहून विमानाने आला. आमच्या मराठीला तो 'गोड' म्हणतो. गोड म्हणजे चुकीची, पण म्हाताऱ्या माणसाची, हे मला कळते. त्याच्या मराठीत क्रियापदे तेवढी मराठी असतात, हे मीही त्याला सांगत नाही.

त्याची दहा वर्षांची सिद्धी दर रविवारी माझ्याकडे येते. इथल्याच, बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका शाळेत छत्तीस वर्षे विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो, पण सवय सुटली नाही. इमारतीतली पाच-सहा मुले जमतात. आम्ही गच्चीवर किंवा जिन्यात काहीतरी बघत बसतो आणि वहीत लिहितो. पानाच्या मधोमध रेघ मारलेली असते. डावीकडे 'दिसले', उजवीकडे 'वाटले', ज्याच्या त्याच्या भाषेत. सुरुवातीला मुलांचे उजवे अंग भरते आणि डावे रिकामे राहते. मोठ्या माणसांचे आयुष्यभर तसेच चालते. सिद्धी फार बोलत नाही, पण तिचे डावे अंग नेहमी भरलेले असते.

फेब्रुवारीत शुभंकरने ओलेड टीव्ही आणला. तीन वर्षे त्याविषयी वाचून, दोनदा दुकानाच्या दारातून परत येऊन, शेवटी आणला. पंचावन्न इंची, आणि कडेला तर बोटाएवढाही जाड नाही. दुकानाने दहा दिवस दिले होते. पसंत पडला नाही तर परत. त्या दहा दिवसांनीच घात केला. परत करता येत नसता, तर शुभंकर पहिल्याच रात्री सुखाने सिनेमा बघून झोपला असता. आता तो दोष शोधू लागला. आठ दिवसांत त्या घरात एकही सिनेमा लागला नाही. शुभंकर पडदाभर राखाडी रंग लावायचा आणि त्याच्यासमोर बसून राहायचा.

"लोक विचारतात, नव्या टीव्हीवर काय बघता," त्याची बायको उल्का मला जिन्यात म्हणाली. "मी सांगते, राखाडी. काल दीड तास राखाडी बघितलं. शेवट छान होता."

उल्काला तो टीव्ही नकोच होता. ती घरून काम करते, दिवाणखान्यात मोठ्या खिडक्या आहेत, आणि बातम्यांचे चॅनेल दिवसभर मागे चालू असावे लागते. या टीव्हीचे काळे आरशासारखे. "दुपारी अंधारातला सीन आला की मला बातमीदाराऐवजी मीच दिसते, भाजी निवडताना," ती म्हणाली. त्यात एकच चित्र फार वेळ ठेवले तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा राहू शकतो, असे शुभंकरनेच कुठेतरी वाचून तिला ऐकवले होते. बातम्यांखालची लाल पट्टी रोज आठ-दहा तास एकाच जागी. "म्हणजे मी काय बघायचं ते आता टीव्ही ठरवणार," उल्का म्हणाली.

नवव्या दिवशी, शनिवारी, दोघे आमच्या दारात आले. शुभंकरने टीव्ही परत न्यायला माणूस सांगून ठेवला होता. रविवारी संध्याकाळी सहाला तो येणार. परत द्यायचा नसेल तर त्याआधी त्याला नको म्हणून कळवायचे.

"अण्णा, आमच्यात डिसिजन होत नाहीये," शुभंकर म्हणाला. इमारतीत मला सगळे अण्णाच म्हणतात. "तुम्ही बायस्ड नाही. तुमची नजर ट्रेन्ड आहे. तुम्ही म्हणाल ते फायनल."

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला याहून काय हवे असते? माझ्या नजरेचा मला अभिमान होता. सुईत दोरा मी अजून स्वतः ओवतो. आमच्या हिने, कौशल्येने, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ तीनदा घेतली होती आणि मी ती तीनदा चुकवली होती. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती हल्ली कडी दिसत, हे खरे; पण त्याला कारण होते. मेट्रोचे काम चालले होते, हवेत धूळ होती. मुलांना मी हे शिकवलेही होते: धुळीमुळे दिव्याभोवती खळे दिसते. डाव्या अंगाला लिहून घेतले होते.

"जाऊन या," कौशल्या आतून म्हणाली. "पण टीव्हीची नजर तपासायला जाताय, हे लक्षात असू द्या."

रविवारी दुपारी दोनला आम्ही सगळे, शेवटी कौशल्यासुद्धा, शुभंकरच्या दिवाणखान्यात जमलो. खिडक्यांवर सोलापुरी चादरी टांगून त्याने भर उन्हात अंधार केला होता. आतल्या खोलीतला जुना टीव्ही आणून नव्याच्या शेजारी स्टुलावर ठेवला होता. सिद्धी वही घेऊन माझ्या पायाशी बसली. मी तिला दोन्हींतला फरक समजावून सांगितला. जुन्याच्या पडद्यामागे दिवे असतात आणि काळे दाखवायचे तर त्यांचा उजेड झाकावा लागतो. झाकण थोडे गळतेच. नव्यात प्रत्येक ठिपका हाच एक दिवा. काळे हवे तिथला दिवा सरळ विझतो.

"म्हणजे तिथे काहीच नसतं," सिद्धी म्हणाली.

"काहीच नसतं."

तिने ते लिहून घेतले.

आधी चांगले बघायचे ठरले. काळ्या मांजराचे चित्र लावले. जुन्या टीव्हीवर मांजर राखाडी धुक्यात बसलेले; नव्यावर त्याचा एकेक केस वेगळा, आणि पाठीमागचा अंधार खोलीतल्या अंधारात असा मिसळला की टीव्हीची चौकट कुठे संपते ते कळेना. मी उठून अगदी बाजूला, भिंतीला टेकून उभा राहिलो. जुन्याचे रंग तिथून विटले, नव्याचे जवळजवळ तसेच राहिले. शुभंकर माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, दहावीच्या निकालाकडे बघावे तसे.

मग उल्काच्या बाजूने बघितले. एक चादर काढली. ऊन आत आले आणि मांजराच्या जागी आम्ही पाच जण उभे दिसलो. बर्फाचे चित्र लावले, तर पडदाभर पांढरे होताच नव्याचे तेज किंचित उतरले. जुना मात्र बेफिकीर झगझगत राहिला. क्रिकेटमध्ये कॅमेरा मैदानावरून हळूहळू सरकला तेव्हा प्रेक्षक पायऱ्या उतरल्यासारखे अडखळत गेले.

"बघा," उल्का म्हणाली.

"हे स्वल्प ॲडजस्ट करता येतं," शुभंकर म्हणाला. कन्नडमधला हा 'थोडे' त्याने इथे येऊन मनापासून उचलला आहे. दोष स्वतःच्या वस्तूचा असला की तो हमखास वापरतो.

नंतर त्याचा आवडता राखाडी आला. त्याला त्यात कधी उभ्या पट्ट्या दिसत, कधी दिसत नसत. आठ दिवसांत तो धड जेवलाही नव्हता म्हणे. मी चष्मा पुसला, जवळ गेलो, लांब आलो.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.

शुभंकरने डोळे मिटून श्वास सोडला. सिद्धीने मान वर केली होती, पण मी "पुढचं" म्हणालो.

पुढचे म्हणजे शेवटचे. काळ्या पडद्यावर मधोमध पांढरे वर्तुळ, सिद्धीसाठी मी ज्याला चंद्र म्हणालो. जुन्या टीव्हीवर चंद्राभोवती फिकट उजेड पसरला होता, तो सगळ्यांनाच दिसला. नव्यावर तो असायला नको होता. पण मला दिसला. चांगले गोल, पिवळसर खळे.

"याला खळं आहे," मी म्हणालो.

"अण्णा, ओलेडला ब्लूमिंग, म्हणजे असा उजेड पसरणं, नसतंच," शुभंकर म्हणाला. "नसूच शकत."

"नसावं हे वाटणं झालं. मला दिसतंय ते मी सांगतो."

हे वाक्य मी छत्तीस वर्षे वर्गात वापरले आहे. त्याच्यापुढे कुणी कधी टिकलेले नाही. शुभंकर गुडघ्यांवर बसून पडद्याकडे बघत राहिला. मिनिटभराने म्हणाला, "हो. आता मलाही दिसतंय. स्वल्प."

"मला तर पहिल्या दिवसापासून दिसतंय," उल्का म्हणाली. पहिल्या दिवशी ती तो टीव्ही बघायला तयारच नव्हती.

"म्हणजे पीस डिफेक्टिव्ह आहे." शुभंकरचा आवाज बसला. तीन वर्षांचे वाचन एका वाक्यात संपले होते. त्याने फोन खिशात टाकला; आता नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. सहा वाजता माणूस येईल आणि घेऊन जाईल. तो टीव्हीचे खोके शोधायला उठला.

"मला नाही दिसत," सिद्धी म्हणाली.

"तू लहान आहेस," शुभंकर म्हणाला. "अण्णांना दिसतंय ना."

सिद्धीने वहीची पाने उलटली. डिसेंबरात एकदा गच्चीवरून आम्हाला खऱ्या चंद्राभोवती मोठे खळे दिसले होते, तेव्हाचे पान तिने काढले.

"अण्णा, तुम्ही तेव्हा सांगितलं होतं, अंगठा धरा. अंगठ्याने चंद्र झाकला तरी खळं राहिलं तर ते आकाशात आहे."

"हो."

"मग धरा ना."

मी आधी जुन्या टीव्हीसमोर हात लांब केला, एक डोळा मिटला, अंगठ्याने चंद्र झाकला. अंगठ्याभोवती फिकट उजेड राहिलाच. ते खळे पडद्यावर होते. मग नव्यासमोर आलो. अंगठा चंद्रावर गेला आणि खळेही गेले. अंगठा काढला, आले. पुन्हा झाकला, पुन्हा गेले. चार वेळा केले. चारही वेळा मुलगी पेन्सिल धरून थांबली होती.

"राहिलं का?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

"मग ते टीव्हीत नाही." ती थोडी थांबली. पुढचे वाक्य तिला ठाऊक होते. शिकवले मीच होते. "आणि खोलीत धूळ पण नाही. आईने सकाळीच पुसलंय."

डोळ्याच्या आत गढूळपणा असला की दिव्याला खळे पडते, हे विज्ञानाच्या मास्तराला ठाऊक नव्हते असे नाही. ते दुसऱ्यांच्या डोळ्यांविषयी ठाऊक होते.

"सरी, ठीक आहे," कौशल्या कोपऱ्यातून म्हणाली. "उद्या साडेनऊची वेळ मिळते का बघते." तिने फोन कानाला लावलासुद्धा.

शुभंकर अजून पडद्यासमोर उकिडवा बसला होता. "पण मग मला कसं दिसलं?"

"बाबा, ते उजवीकडे लिहायचं," सिद्धी म्हणाली.

साडेपाचला त्याने माणसाला नको म्हणून कळवले. उल्काने जुना टीव्ही आतल्या खोलीत न नेता स्वतःच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवला आणि त्यावर बातम्या लावल्या. खोके गच्चीच्या माळ्यावर गेले.

मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "इतके दिवस कळलं नाही?" मी म्हणालो, धूळ फार आहे. पुढच्या रविवारी मुलांना आधीचे पान उघडायला लावले आणि धुळीचे वाक्य डावीकडून खोडून उजवीकडे लिहायला सांगितले. एकाने विचारले, "अण्णा, तुमचं पण वाटतं का?" मी हो म्हणालो. मुलांना फार आनंद झाला. छत्तीस वर्षांत माझ्या कुठल्याच धड्याला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

पाच आठवड्यांनी उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डोळा बरा झाल्यावर शुभंकरने आम्हा दोघांना सिनेमाला बोलावले. त्या टीव्हीवर पहिल्यांदाच राखाडी सोडून सिनेमा लागणार होता. उल्काने चिरोटे केले होते; शेजारच्या गौडांच्या अक्कांकडून शिकली म्हणे. चादरींच्या जागी आता जाड पडदे होते.

सिनेमात डोंगरातले धुके आले. कॅमेरा धुक्यातून हळूहळू सरकत होता. आणि त्या धुक्यात मला उभ्या पट्ट्या दिसल्या. अगदी पुसट, पावसात भिजलेल्या भिंतीवर ओघळ राहतात तशा. मी नवा डोळा मिटून जुन्याने बघितले. स्वच्छ. नव्याने बघितले. पट्ट्या. धुके सरकत होते, पट्ट्या जागच्या जागी होत्या.

"सात आहेत," माझ्या कानाशी सिद्धी हळूच म्हणाली.

"तुला दिसतात?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'स्वच्छ आहे' म्हणालात आणि 'पुढचं' म्हणालात." तिने मांडीवरची वही उघडली. पडद्याच्या उजेडात पान स्पष्ट दिसत होते. तारीख टीव्ही आला त्या दिवसाची. डावीकडे नेटक्या अक्षरात: राखाडीत उभ्या पट्ट्या, सात. उजवीकडे: बाबांना सांगितले तर टीव्ही जाईल.

पुढच्या सोफ्यावर शुभंकर चिरोटा हातात तसाच धरून बसला होता. तोंड थोडे उघडे होते. नऊ दिवस राखाडीला डोळे लावून बसलेला माणूस धुक्याकडे बघत होता आणि त्याला फक्त धुके दिसत होते.

तो अचानक मागे वळला. "अण्णा, नव्या डोळ्याने कसं दिसतंय?"

सिद्धीने वही मिटली आणि माझ्याकडे बघू लागली.

"चंद्राला खळं नाही," मी म्हणालो.

"बघा, मी म्हणत होतो," शुभंकर म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला.