पुढचा दांडा

गोटीच्या आईला त्या शहरातल्या माणसांचं एक वागणं अजिबात पटत नव्हतं. एरवी ती माणसं इतकी आपल्यापुरती, की जिन्यात समोरासमोर आली तरी भिंतीला चिकटून वाट देतील, पण नजर वर करणार नाहीत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला येऊन आता बरेच महिने झाले होते, तरी शेजारच्या दारामागे बाई राहते की बुवा, हेसुद्धा तिला अजून कळलं नव्हतं. आणि हीच माणसं, ती बाबागाडी घेऊन बसच्या दाराशी पोचली रे पोचली, की न विचारता पुढे व्हायची, वाकायची आणि गाडीचा पुढचा दांडा धरून उचलायची. कोणीही. टाय लावलेला साहेब असो, नाहीतर हातात भाजीची पिशवी असलेली आजीबाई.

उचलायचं तर उचला, त्याबद्दल तक्रार नव्हती. मागची मूठ तिच्या हातात, पुढचा दांडा त्यांच्या हातात, गाडी अलगद आत. पण आत गेल्यावरही ती माणसं दांडा सोडायची नाहीत! बस सुटली तरी तशीच वाकून उभी, हात गोटीच्या इवल्या पायांपासून वीतभर अंतरावर. मग गोटीची आई गाडीला असा एक हिसका द्यायची, की समोरच्याचा हात आपसूक सुटावा. समोरचा गोंधळून बघायचा आणि बाजूला व्हायचा.

"काय चिकट लोक आहेत," घरी आल्यावर ती म्हणाली. "धरलं की सोडतच नाहीत."

"मदत करतायत ना," गोटीचा बाबा लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला. "आपल्याकडे तर अख्खं पोर उचलून अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवतात. तुझी आईच सांगत होती. तू म्हणे कुणाच्याही मांडीवर झोपून आजोळी पोचायचीस, आणि सगळी लाळ त्या बाईच्या पदराला."

"ते वेगळं."

"कसं काय?"

"ती आपली माणसं."

"ओळखीची होती?"

"तू वाद घालू नकोस हं. तू जाऊन बसतोस ऑफिसात. बसमध्ये पोर घेऊन मी चढते."

हे खरं होतं. शिवाय चढण्यापूर्वीचं सगळंही तीच निस्तरत होती. पहिल्याच आठवड्यात ती बरोबर नंबराच्या बसमध्ये चुकीच्या दिशेला बसली आणि थेट डेपोत जाऊन पोचली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, डबा उघडला, जेवायला लागला, आणि मग त्याला आरशात ही मायलेकरं दिसली. तेव्हापासून तिने डोळ्यांत तेल घालून सगळं बघायचं ठरवलं होतं. कोणतं दार गाडीवाल्यांचं, ब्रेक कुठे लावायचा, कोण चढतंय, कोण कुठे बघतंय. भाषा तोडकीमोडकी येत होती, तेव्हा भिस्त सगळी डोळ्यांवर. त्यात रोज फोनवर आईचं पालुपद: "कुणाच्या हातात देऊ नकोस गं तिला. परका मुलूख तो."

या सगळ्या बघण्यात तिला एक बाई खटकली होती. करड्या कोटातली, पन्नाशीची, सकाळी तिच्याच थांब्यावर चढणारी. ती बाई बसभर गोटीकडे नाहीतर गोटीच्या आईच्या हातांकडे टक लावून बघत बसायची. हसणं नाही, बोलणं नाही. गोटीच्या आईने तिचं नाव टकमकबाई ठेवलं होतं, आणि ती दिसली की ही गाडीचा टप जरा आणखी पुढे ओढून घ्यायची.

त्या दिवशी गोटीला वजन करायला दवाखान्यात न्यायचं होतं. मागच्या वेळी डॉक्टर "ठीक आहे" म्हणाल्या होत्या. पण "छान" न म्हणता "ठीक" का म्हणाल्या, या विचाराने तिला अन्न गोड लागत नव्हतं. घाईघाईत तिने दुपटी, बाटली, स्वतःचा फोन, सगळं गाडीखालच्या जाळीत कोंबलं आणि थांबा गाठला. बस आली. मधलं दार उघडलं. आणि दांडा धरायला नेमकी टकमकबाई पुढे झाली.

नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. गाडी उचलली गेली, पुढची चाकं आत, मागची चाकं आत. गोटीच्या आईचा एक पाय पायरीवर, एक फूटपाथवर. आणि गोटीने तेवढ्यात डोक्यावरची टोपी उपटली आणि झोकात बाहेर भिरकावली.

टोपी पायाशीच पडली होती. ती वाकली. वाकताना मूठ सुटली, पायरीवरचा पाय खाली आला. ती सरळ झाली तेव्हा दार मिटलेलं होतं, आणि काचेपलीकडे गोटी तिच्याकडे बघून बोळक्या तोंडाने हसत होती.

"अहो! अहो, थांबा!" ती चक्क मराठीत ओरडली. बसच्या पत्र्यावर तिने थापा मारल्या. बस निघाली.

थांब्यावरच्या एका म्हाताऱ्याने तिची बाही धरली. "इथेच," तो सांगत होता, "इथेच उभ्या राहा." तिने बाही हिसडून घेतली आणि धावत सुटली.

ती धावली म्हणजे किती धावली! ओढणी एका खांद्यावर, टोपी मुठीत, लोक वाट सोडून बाजूला होतायत. बस पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी ती धावत राहिली. फोन जाळीत. म्हणजे नवऱ्याला कळवायचं कसं? पोलिसांना सांगायचं तरी काय? करडा कोट. आणि? नाक कसं, केस कसे, चष्मा होता की नव्हता? इतके दिवस जिच्यावर पाळत ठेवली, तिचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येईना. येत होता तो फक्त कोट, आणि कोटाच्या बाहीतून निघालेला, गोटीच्या पायांशी धरलेला हात.

पुढचा थांबा आला. रिकामा. बाकडं, पाटी, कचऱ्याचा डबा, एवढंच. माणूस औषधालाही नाही.

समोरच्या लाँड्रीतून एक जाड मिशांचा माणूस बाहेर आला, हातात कुणाचा तरी शर्ट हँगरसकट.

"बाबागाडी?" त्याने विचारलं.

तिने जोरजोरात मान हलवली.

"करडा कोट?"

"हो! हो! कुठे?"

"गेली." त्याने हँगरने ती आली होती तीच दिशा दाखवली. "इथे उतरली. रस्ता ओलांडला. उलट्या बसने परत गेली. तुमच्याकडेच."

तेव्हा तिला आठवलं, ती धावत असताना पलीकडून एक बस गेली होती. म्हणजे एकीकडून लेक आईकडे निघाली होती, आणि दुसरीकडून आई लेकीच्या मागे. ती गर्रकन वळली. लाँड्रीवाल्याने कोंबडी अडवावी तसे दोन्ही हात पसरले. शर्ट झेंड्यासारखा फडफडला.

"नाही, नाही. तुम्ही आता तिकडे गेलात तर ती पुन्हा इकडे येईल. उभ्या राहा. तिथे तुम्ही नाही म्हटल्यावर ती लोकांना विचारेल. तुम्हाला धावताना सगळ्या रस्त्याने पाहिलंय."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"कोणाला?"

"त्या बाईंना!"

"नाही बुवा."

"मग ती येईलच, हे कशावरून?"

या प्रश्नाने तो खरोखरच बुचकळ्यात पडला. तिची भाषा चुकली की काय, असं वाटून त्याने क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग समजूत घालावी तसं म्हणाला, "अहो, तिने दांडा धरलाय ना?"

ती उभी राहिली. आयुष्यात तिने बरीच अवघड कामं केली होती, परीक्षा दिल्या होत्या, बाळंतपण सोसलं होतं. पण नुसतं एका जागी उभं राहणं इतकं कठीण असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पाय पळत होते आणि ती त्यांना दाबून धरत होती. लाँड्रीवाल्याने स्टूल आणून ठेवलं. ती बसली नाही. मग तोही बसला नाही. दुकानात इस्त्री तापून वास सुटला तेव्हा तो आत धावला आणि लगेच परत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

आणि वळणावर बाबागाडी दिसली.

आधी नुसती गाडीच दिसली. मुठीशी कुणीच नाही! गाडी आपली आपण फूटपाथवरून येत होती. मग बाजूला करडा कोट दिसला, कमरेत पार वाकलेला. टकमकबाई पुढचा दांडा एका हाताने धरून, तिरकी तिरकी चालत, गाडी ओढत आणत होती. मागची मूठ मोकळी होती. ती सरळ उभी राहून ढकलू शकली असती, पण तिने मुठीला हात लावला नव्हता.

गोटीची आई धावली. पट्टे सोडवून तिने गोटीला उचललं, छातीशी धरलं, मुके घेतले, हात मोजावेत तसे चाचपले. गोटी मजेत होती, आणि मजा मोडल्याबद्दल तिने भोकाड पसरलं. आई रडतेय, लेक रडतेय, लाँड्रीवाला शर्टाच्या बाहीला डोळे पुसणार तेवढ्यात शर्ट गिऱ्हाइकाचा आहे हे त्याच्या लक्षात आलं.

या सगळ्या गोंधळात बराच वेळ गेल्यावर तिचं लक्ष गेलं. टकमकबाई अजून तशीच वाकलेली होती. गाडी रिकामी, तरी हात दांड्यावर. बोटांची पेरं लालबुंद झाली होती. ती वर बघत होती, तिच्या त्या नेहमीच्या नजरेने, आणि वाट पाहत होती.

लाँड्रीवाल्याने हळूच मुठीकडे बोट दाखवलं. "घ्या की तुम्ही. आणि म्हणा."

गोटीच्या आईने मूठ धरली. इथे येताना विमानात शिकलेला पहिला शब्द होता तो, आणि पाठ असूनही कधी कुणाला म्हटला नव्हता. हिसक्याने काम भागत होतं.

"धन्यवाद," ती म्हणाली.

हात सुटला. टकमकबाई कण्हत कण्हत सरळ झाली, कमरेवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "बाई गं! पाठीचा काटा ढिला झाला."

"तुम्ही मूठ का नाही धरलीत? एवढं लांब वाकून..."

"मूठ आईची," टकमकबाई म्हणाली. यात सांगण्यासारखं काय आहे, असा तिचा सूर होता.

गोटीच्या आईला आता राहवेना. "रागावू नका, पण तुम्ही रोज आमच्याकडे टक लावून का बघत असता?"

"मग काय करू?" टकमकबाई एकदम उसळली. इतके दिवस साचलेलं बाहेर पडलं. "तुम्ही कधी धन्यवाद म्हणतच नाही! नुसता हिसका देता. समोरच्याला कळायचं कसं, तुम्ही नीट धरलंय की नाही? तो बिचारा सोडून जातो, आणि मला घोर. तुम्ही उतरेपर्यंत तुमचे हात बघत बसते. माझाच थांबा चुकलाय कितीदा. कामावर बोलणी खाल्ली."

"माझ्यामुळे? अहो, मग मला सांगायचं तरी!"

"अनोळखी माणसाशी कसं बोलणार?" टकमकबाई म्हणाली, आणि कोटाचं बटण लावता लावता लाजली.

गोटीच्या आईला हसू फुटलं, रडू थांबायच्या आधीच. हिच्यावर आपण पाळत ठेवत होतो आणि ही आपल्यावर. दोघींचं कारण एकच, गाडीत बसलेलं. एका परक्या पोरासाठी ही बाई रोज जिवाला घोर लावून घेत होती, आणि त्याबद्दल कुणी तिला साधं विचारलंही नव्हतं. घरची माणसंसुद्धा एवढं निगुतीने लक्ष ठेवत नाहीत.

दवाखान्याची वेळ टळून गेली नव्हती. टकमकबाईलाही त्याच बाजूला जायचं होतं. बस आली, मधलं दार उघडलं. गोटीच्या आईने आधी पट्टे तपासले, मग मूठ घट्ट धरली आणि नुसतं बघितलं. टकमकबाई वाकली. गाडी अलगद आत गेली, मागोमाग आईही. दार मिटलं तेव्हा तिघीही आतल्या बाजूला होत्या.

बस हलली. टकमकबाईचा हात दांड्यावर. गोटीने पाय लांबवून त्या हातावर ठेवला. गोटीच्या आईने ब्रेक लावला, ओढणी सारखी केली, खिडकीबाहेर बघितलं. लाँड्री मागे गेली, झाडं मागे गेली. तो एक शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तिने तो तसाच राहू दिला.

एक थांबा गेला. टकमकबाईने वाकल्या वाकल्या मान वर केली.

"अजून धरू?"

"तुमची पाठ..." गोटीची आई म्हणाली, आणि सरकून शेजारची जागा तिला करून दिली. "बसा ना इथे. बसून धरा."