कांताबाईची सही

शांतवन रामटेके १९५८ साली यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती विद्यालयात, बी.डी.च्या शेवटच्या वर्षाला होता. नागपुरात बी.ए. झाल्यावर त्याला मास्तरकी मिळत होती, ती सोडून तो इकडे आला होता. वर्गातली मुलं केरळपासून नागा टेकड्यांपर्यंतची, शिकवणं सगळं इंग्रजीतून. त्याचा आवडता विषय होता ख्रिस्ती मताचं समर्थन. विश्वासावर कोणी आक्षेप घेतला तर त्याला न रागावता, विचारानं उत्तर कसं द्यायचं, ते त्यात शिकवत. शांतवनला हे जमत होतं. सेमिनरीच्या वादसभेत तो उभा राहिला की समोरच्याला बोलायला फारसं काही उरत नसे.

विषय शिकवणारे सर त्रावणकोरकडचे, मोजकं बोलणारे. दिवाळीनंतर त्यांनी निबंध दिला आणि एक अट घातली.

"ज्याला उत्तर द्यायचं, तो माणूस खरा हवा. त्याचं म्हणणं आधी एका पानावर लिहा आणि त्याला वाचून दाखवा. 'हो, मी हेच म्हणतो' असं म्हणून त्यानं सही केली, तरच पुढचं उत्तर लिहा. सही नसली तर मी निबंध वाचणार नाही."

कोणी गावातला वकील गाठायचं ठरवलं, कोणी कापसाचा व्यापारी. शांतवनला शोधावं लागलं नाही. गेली दोन वर्षं तो मनातल्या मनात एकाच माणसाला उत्तरं देत होता, आपल्या मोठ्या बहिणीला.

कांताबाई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. वडील मिशनचे उपदेशक, गावोगाव फिरणारे. ती लग्न होऊन आर्णीजवळच्या खेड्यात गेली, तेही ख्रिस्ती घरच होतं. पण छप्पन साली ती आणि तिचा नवरा बाबाराव नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. तेव्हापासून वडिलांनी तिच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. "ती माह्यासाठी दूरच्या गावी गेली," एवढंच ते म्हणत.

डिसेंबरात शांतवन मोटारीनं आर्णीला उतरला आणि पुढे पायी गेला. बहिणीनं आधी जेवायला वाढलं, मग विचारलं, "काहून आला?"

त्यानं पान काढून वाचलं. सगळा समाज निघाला म्हणून हेही निघाले. मान हवा होता तो मिळाला. देव आहे की नाही हा प्रश्न त्यांच्या मनात नव्हताच. असं बरंच काही त्यात होतं, मुद्दे पाडून.

कांताबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. "हे माह्यं नाई," ती म्हणाली. "तू तिकडं बसून ठरवलं, ते हे हाये."

"मग तुझं काय आहे, बाई?"

"मले असं इचारलं त सांगता येत नाई."

तो परत गेला. त्याला राग आला होता, आणि रागाचं कारण नीट सांगता येत नव्हतं म्हणून तो आणखी वाढला होता.

जानेवारीत तो दुसरं पान घेऊन आला. या वेळी त्यानं काही झाकलं नव्हतं. बाबारावाच्या गावच्या चर्चच्या लहानशा मंडळीत पूर्वीच्या वरच्या जातीतली दोन घरं होती. ती पुढे बसत, आणि बाबारावाच्या भावाला त्यांनी मुलगी नाकारली होती. येशूच्या घरात जात राहिली, म्हणून आम्ही निघालो, असं त्यानं लिहिलं होतं.

बाबाराव ओट्यावर दोर वळत ऐकत होता. त्यानं हात पुढे केला. "आण इकडं. हे बराबर माह्यं हाये. मी करतो सही."

"तुमचं असन," कांताबाई म्हणाली. "माह्यं नाई."

बाबाराव हसला. शांतवनला मात्र हसू आलं नाही. सही समोर होती. सरांची अट पुरी होत होती, आणि या आक्षेपाला उत्तर देणं त्याला सोपं होतं: माणसं चुकली म्हणून सत्य खोटं ठरत नाही. वीस पानं सहज झाली असती. पण बहीण चुलीपुढे पाठमोरी बसली होती आणि तिच्या मनात काय आहे ते त्याला अजून माहीत नव्हतं. त्यानं पान घडी करून खिशात ठेवलं.

"भाऊजी, मी दोन दिवस राहतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर कापूस वेचायला गेला. शेवटची वेचणी होती, बोंडं विरळ, वाळकी टोकं बोटं ओरबाडत होती. तो काही विचारत नव्हता. दोन ओळी झाल्यावर तीच बोलू लागली.

"तुले तो निळा झगा आठवते काय? तू लहान होता."

त्याला आठवत नव्हता.

"समुद्रापलीकडून कपड्यांचे गठ्ठे येत. आपले दादाच ते वाटून देत. सोताच्या पोरीले आधी दिलं असं कोनी म्हनू नये म्हून मले रांगेत शेवटी उभं करत. एका वर्षी मले निळा झगा भेटला. पाहुनी मडम आलती, तिनं माह्या तोंडून स्तोत्र म्हनवून घेतलं अन् फोटो काढला. घरी येऊन पाह्यलं त कॉलरच्या आतून नाव शिवेल होतं. कोन्या दुसऱ्या पोरीचं. इंग्रजीतला पहिला शब्द मी तोच वाचला."

"पण ते प्रेमानंच पाठवलं होतं, बाई."

"मी कुठं नाई म्हनते? झगा चांगला होता, तीन वर्सं घातला. पन तिथं मी कायम घेनारी होती. कपडे घ्या, दूध घ्या, वचन घ्या, अन् मंग उपकार माना. बाप्तिस्म्याच्या वख्ताले मी चार महिन्याची होती, माह्याकडून उत्तरं दादानं देल्ली. नागपूरले मी उन्हात उभी राह्यली अन् बावीस प्रतिज्ञा म्हनल्या. माह्या तोंडानं. कोनी देल्लं नाई, मीच म्हनलं."

शांतवनच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. "पण कृपा म्हणजे दानच असतं. ती कमावता येत नाही. देवापुढे आपण सगळेच घेणारे."

"ते समजते मले. देवाचं दान असन. पन ते पोचवनारा हात दरवेळी वरूनच काहून येते?"

तो ओळीत तसाच उभा राहिला. ती वेचत पुढे गेली.

त्या दुपारी झाडाखाली बसून त्यानं तिसरं पान लिहिलं, तिच्याच शब्दांत. एक वाक्यही सुधारलं नाही. तिनं ते स्वतः वाचलं, अक्षरांखाली बोट धरून. दोन ठिकाणी थांबली, मग म्हणाली, "हे माह्यं हाये," आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

उत्तर लिहायला त्याला दोन महिने लागले. सेमिनरीतली जाडजूड पुस्तकं त्यानं उलटसुलट पाहिली. त्यांत देव आहे याची प्रमाणं होती, चमत्कारांचा बचाव होता. या प्रश्नाच्या जवळपास कोणी फिरकलेलं दिसेना. शेवटी त्यानं आपल्याला जे खरं वाटलं ते लिहिलं. प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. तो हात वरून आला नव्हता, खालून आला होता. देणाऱ्याला खाली बसता येत नसेल तर तो देतो ते दुसरंच काही असतं, प्रभूचं नसतं. निबंध सहा पानांचाच झाला.

सरांना देण्याआधी तो आर्णीला जाऊन बहिणीला ते मराठीत सांगून आला.

"हे चांगलं लिव्हलं तू," ती म्हणाली. "असं कोनी करताना मी पाह्यलं असतं, त इचार केला असता."

त्यानं हे वाक्यही निबंधाच्या शेवटी लिहिलं.

सरांनी त्याला खोलीत बोलावलं. "तुझं उत्तर अपुरं आहे."

"हो, सर."

"पुरं कसं करणार?"

"लिहून होईल असं वाटत नाही."

सरांनी मान हलवली आणि त्याला पास केलं. पहिल्या वर्गाचे गुण दिले नाहीत.

सुट्टीत घरी गेल्यावर त्यानं ते सहीचं पान वडिलांच्या हातात दिलं. आधी द्यावं की नाही यावर त्याचे दोन दिवस गेले होते. वडिलांनी चष्मा लावून वाचलं, परत वाचलं, आणि पान नेहमीसारखं बायबलात न ठेवता उशीखाली ठेवलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "आर्णीची मोटार किती वाजता हाये?"

कांताबाई अंगणात तूर पाखडत होती. वडील दारातच थांबले. तिनं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"तू रांगेत शेवटी उभी राहायची, तवा मले दिसत होतं," वडील म्हणाले. "दिसत नव्हतं असं नाई. लोक काय म्हनतील याचं मले भेव होतं."

वडिलांचे पाय मोटारीत बसून सुजले होते, उभं राहवत नव्हतं. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि सुपातले खडे निवडू लागले. थोड्या वेळानं तीही निवडू लागली.

ते आठ दिवस राहिले. रोज सकाळी ओट्यावर त्यांचा आणि बाबारावाचा वाद चाले. वडील म्हणत, देवच नाई त प्रार्थना कोनाले करता? बाबाराव म्हणे, आम्ही मागतच नाई त करायची कोनाले? कोणी कोणाला पटवलं नाही. दोघांचेही आवाज इतके चढत की शेजारी डोकावून जात, आणि कांताबाई आतून चहा घेऊन आली की दोघं एकदम गप्प होऊन कपाकडे बघत.

शांतवन पुढे दिग्रसच्या बाजूला एका लहान मंडळीचा पाळक झाला. पहिल्याच रविवारी त्यानं सगळ्यांना एका सतरंजीवर, येतील त्या क्रमानं बसायला सांगितलं. पुढे बसायची सवय असलेली दोन घरं उठून गेली. राहिली ती चौदा माणसं.