फळ्यावरचा हिरवा बेडूक

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. पण शाळेतला नव्हे. शाहूपुरीतल्या एका गल्लीच्या तोंडाला तरुण मंडळाची खोली आहे. तिच्या बाहेरच्या भिंतीवर मी राहतो. ऊन, पाऊस आणि रिक्षांचा धूर यांच्याशी माझी रोजची गाठ. माझ्यासमोरून पुष्कळ माणसं जातात. थांबतात ती थोडी. त्या थोड्यांच्या जिवावर माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. सागवानी चौकट, आत जाड फळ्या, वरून काळ्या रंगाचे हात. मंडळाच्या पोरांनी मला हलगी वाजवत आणलं आणि नारळ फोडून टांगलं. त्या दिवसापासून मंडळातले वयस्कर तात्यासो माझ्यावर लिहू लागले. वर तारीख, खाली कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, आणि उरलेल्या जागेत गल्लीची खबर. अक्षर असं, की घाईत निघालेला माणूससुद्धा सायकल टेकवून वाचायचा. महापूर ओसरत होता तेव्हा जेवण कुठे मिळतंय, औषधं कुठे मिळतायत, हे लोक माझ्यावरच बघायला यायचे. त्या दिवसांत माझी छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू!

पुढे तात्यासोंची नजर अधू झाली. लोकांच्या हातात फोन आले. माझ्यावर क्लासच्या जाहिराती चिकटल्या, त्या फाडल्या, त्यांच्यावर दुसऱ्या चिकटल्या. डिंकानं माझं अंग खरबरीत झालं. फळा आहे हेच लोक विसरले.

मग संयोगिता आली.

ती समोरच्याच इमारतीत राहते. पदवीपर्यंत शिकलेली, पण जीव सदा टांगणीला. सकाळी लेकीला घेऊन शाळेच्या रिक्षासाठी माझ्याखाली उभी राहायची, तेव्हा पाण्याच्या बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा आवळायची. रिक्षा आली की आधी तिची चाकं बघायची. ‘‘मामा, सावकाश हं,’’ ती रोज म्हणायची आणि मामा रोज म्हणायचे, ‘‘व्हय वहिनी, रिक्षा हाय, इमान न्हाय उडवत मी.’’

लेक राजनंदिनी पहिलीतली. शाळेचं नाव काढलं की रडायची, दाराची कडी धरून बसायची. संयोगितानं सगळे उपाय करून पाहिले. एके दिवशी तिनं माझ्या अंगावरचे कागद ओल्या फडक्यानं भिजवून अलगद सोडवले आणि खडूनं लिहिलं, ‘आज जागतिक डाळ दिन’. खाली वाटीचं चित्र. दुसऱ्या दिवशी मुलगी आपणहून खाली आली. ‘‘आई, आज कुणाचा दिवस आहे?’’

मित्रांनो, तेव्हापासून माझा दुसरा जन्म सुरू झाला. त्या बाईचं मला फार नवल वाटतं. फोनवर आलेली एकही तारीख ती तशीच उतरवत नाही. आधी पुस्तकात बघते, मग ग्रंथालयात विचारते आणि लिहून झाल्यावरही दोन पावलं मागे जाऊन पुन्हा वाचते. चुकीचं लिहिलं तर गल्ली काय म्हणेल, हा धाक तिला सदा असतो. पण खडू सुटत नाही. तिच्यामुळेच मला कळलं, की एकेका तारखेवर किती जण दाटीवाटीनं नांदतात. मराठी भाषा गौरव दिनालाच ध्रुवीय अस्वलांचाही दिवस असतो. त्या दिवशी दूध आणायला निघालेल्या बायडाबाई म्हणाल्या, ‘‘हे पांढरं अस्वल मराठी बोलतंय व्हय गं?’’ सगळी हसली. राजनंदिनी तर हसत हसतच रिक्षात चढली.

आणि मग वीस मार्च उजाडला.

मंडळाचा अध्यक्ष विजयसिंह याचा त्या दिवशी वाढदिवस. मंडळात ठरलं होतं, की मला उतरवायचं आणि तिथे कायमची लोखंडी चौकट ठोकायची, फ्लेक्ससाठी. पहिला फ्लेक्स अर्थातच त्याचा. मला हे आदल्या दिवशीच ऐकू आलं होतं. उतरवलेल्या फळ्याचं काय होतं, हे मी जाणतो. त्याची कुणाच्या तरी बंबात राख होते.

संयोगिताला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘२० मार्च १९२७. महाडचा चवदार तळे सत्याग्रह. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत हजारो लोक सार्वजनिक तळ्याचे पाणी प्यायले.’ खाली बारीक अक्षरांत, ‘जागतिक चिमणी दिन, मौखिक आरोग्य दिन, बेडूक दिन’. राजनंदिनीनं टाचा उंचावून हिरव्या खडूनं बेडूक काढला. तो नेमका ‘तळे’ या शब्दाला चिकटून बसला.

एवढ्यात विजयसिंह आला. काखेत फ्लेक्सची गुंडाळी, हातात ड्रिल. ‘‘वहिनी, आटपा की जरा. फळा उतरवायचाय.’’

‘‘उतरवायचा? का?’’ संयोगितानं विचारलं.

ती पुढे काही बोलणार, तोच जोतीरामकाका आले. मागच्या गल्लीतले, वयानं सत्तरीपुढचे. दरसाल या दिवशी ते हातात फूल घेऊन येतात, माझ्यावरचं वाचतात आणि फूल माझ्या खालच्या पट्टीवर ठेवतात. कोणी लिहिलेलं नसलं तरी ठेवतात. त्यांनी चष्मा सावरला. वाचलं. आणि थांबले.

‘‘हे काय पोरी? चवदार तळ्याच्या शेजारी बेडूक? थट्टा हाय व्हय ही?’’

संयोगिता गडबडून म्हणाली, ‘‘नाही काका! तसं नव्हतं हो मनात. दोन्ही दिवस आजच आहेत... चुकलंच माझं. पुसते मी.’’ तिनं फडकं उचललं.

‘‘पुसाच,’’ विजयसिंह म्हणाला, ‘‘सगळंच पुसा. उतरवायचाच हाय.’’

फडकं बेडकाजवळ आलं, तशी राजनंदिनीनं आईचा पदर ओढला. मग जोतीरामकाकांकडे वळून म्हणाली, ‘‘आजोबा, त्या तळ्यात बेडूक होते?’’

‘‘असतील की. तळं म्हटल्यावर असणारच.’’

‘‘मग त्यांना पाणी पिऊ द्यायचे?’’

काका तिच्यासमोर खाली वाकले. समोरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. ‘‘बेडकाला कोण अडवतंय बाळ? गाई-म्हशी प्यायच्या, कुत्री प्यायची. आमच्या गावच्या तळ्यावर बी तसंच. माझ्या आज्जाला तेवढं काठाला शिवू देत न्हवते.’’

‘‘का?’’

  संयोगिताचं फडकं हवेतच थांबलं होतं.

‘‘पुसू नको पोरी,’’ काका म्हणाले.  ‘‘ऱ्हाऊ दे त्याला तिथंच. उलट मोठा काढ. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, कोण आत हुतं आन् कोण भाईर.’’

मग ते विजयसिंहकडे वळले. ‘‘तुजा बी आजच हाय न्हवं वाढदिवस? मग लिवंल की ती. जागा हाय खाली.’’

विजयसिंहानं हातातल्या ड्रिलकडे बघितलं, मग बेडकाकडे. ‘‘लिवा वहिनी,’’ तो ओशाळून म्हणाला, ‘‘पर चिमणीच्या वर नको. खालीच बरं हाय.’’ फ्लेक्स त्यानं समोरच्या टपरीच्या मागच्या अंगाला बांधला. लोखंडी चौकटीचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्या दिवशी फूल ठेवताना काकांनी ते बेडकाच्या बाजूला सरकवलं. संयोगिता बराच वेळ हिरवा खडू हातात धरून उभी होती. रिक्षा आली आणि राजनंदिनीला घेऊन गेली, पण चाकं बघायचं तिला सुचलं नाही.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. आज ना उद्या वाळवी मला खाईलच. त्याचं दुःख नाही. पण तुमच्या गल्लीत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्यावर डिंक लावू नका. जाता जाता जरा थांबा, आज कुणाकुणाचा दिवस आहे ते वाचा. एखादं नाव शेजारच्या नावाला शोभत नाही, असं वाटलं तर हात लगेच फडक्याकडे नेऊ नका. आधी तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारा आणि तो सांगेपर्यंत थांबा.