मान हलणारं रॅचेट

मानेतली ती बारीक पिन... तिच्यावरच सगळा खेळ होता. रॅचेटचं, बोल्ट फिरवायच्या त्या पान्याचं, डोकं त्या पिनेवर पुढेमागे वळत होतं, आणि दांडा आडवा धरून बघितलं तर डोकं आपल्या वजनाने खाली पडत नव्हतं, जिथे ठेवलं तिथे राहत होतं. हे चांगलं. स्वस्तातल्या रॅचेटची मान चार दिवसांत लुळी पडते, मग बोल्टवर सॉकेटची गोटी बसवेपर्यंत ती तीनदा घसरते आणि तोंडात शिव्या येतात. अंगठ्याने त्याने डोकं एका अंगाला झुकवलं, पुन्हा सरळ केलं. फिरवताना आवाज बारीक येत होता, म्हणजे दाते बारीक होते, आणि जिथे हात जेमतेम दोन बोटं हलतो तिथे बारीक दातेच कामाचे. चाळीस वर्षं हत्यारं हाताळल्यावर एवढं आंधळ्यालाही कळतं. कळत नव्हतं ते एवढंच, की आपल्याला दांडा इतका लांब का हवाय.

म्हणजे कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो पाऊण तास या हत्यारांच्या दुकानात उभा होता, आणि फळीवर टांगलेल्या तीन रॅचेटांपैकी मधलं पुन्हा पुन्हा हातात घेत होता. आखूड घ्यावं तर तसं घरी होतंच. सर्वांत लांब घ्यावं तर... डेपोच्या वर्कशॉपमध्ये तो फिटर होता तेव्हा लांब दांड्याला हात घालणाऱ्याची त्याने कधी गय केली नाही. लांब दांडा बोल्टासाठी नसतो, दुबळ्या मनगटासाठी असतो, असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा आणि पोरं हसायची. कोणाकोणाला म्हटलं होतं ते आता आठवत होतं, चेहऱ्यांसकट. मधलं घेतलं तर निदान बायकोच्या नजरेत भरणार नाही, असा एक हिशेब मनात चालू होता आणि त्या हिशेबाची त्याला शिसारी येत होती.

लेकीची गाडी गेल्या रविवारपासून घरासमोर उभी होती. सकाळी पहिल्या चावीला कधी कधी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो बाबा, बघाल का, एवढं सांगून ती जावयाच्या स्कूटरवर मागे बसून गेली होती. पुढच्या रविवारी न्यायला येणार होती. हे असंच ठरलेलं होतं गेली सहा वर्षं: एका रविवारी गाडी सोडायला, एका रविवारी न्यायला, आणि दोन्ही वेळा चहा, जेवण, थोडं आईशी आत, थोडं त्याच्याशी बाहेर. गाडीचं काम नसेल त्या महिन्यात फोन यायचा. फोनवर बापलेकीला बोलता येत नसे, तिची आईच बोलायची, तो शेजारी बसून मान डोलवायचा, फोनवर मान दिसत नाही हे माहीत असून. ती लहान होती तेव्हा बॅटरी धरून उभी राहायची, आणि बॉनेटच्या त्या उघड्या झाकणाखाली तिने त्याला काय काय सांगितलं होतं... कॉलेज सोडावंसं वाटतंय, हा मुलगा आवडलाय, आईला अजून सांगू नका. इंजिनाकडे बघत सगळं बोलता येतं. बॉनेट मिटलं की दोघांचं बोलणं मिटायचं, आणि दुसरी कुठली जागा त्याने कधी शोधली नाही.

म्हणून तो बोल्ट निघायलाच हवा होता. तसा ‘टक्’ म्हणजे इंजिन चालू करणारा स्टार्टर, तो काढून बघायचा तर त्याचे दोन बोल्ट, खालचा हसत निघाला, वरचा मात्र मागे, इंजिनामागच्या पत्र्याला लागून, तिथे हात उलटा घालावा लागतो आणि दिसत काहीच नाही, बोटांनाच डोळे फुटावे लागतात. मंगळवारी प्रयत्न केला. बुधवारी केला. आज सकाळी आखूड रॅचेट लावून, दात आवळून असा काही जोर केला की कोपर थरथरायला लागलं आणि गोटी सटकून बोटाची साल गेली. बोल्ट जागचा हलला नाही. बायको दारात उभी होती. ती आत जाऊन फडकं घेऊन आली आणि त्याच्या बोटाला बांधलं, आणि त्याचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हातात धरून ठेवला. ते त्याला सहन झालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती हिने उघडून बघितली. पिशवी घेऊन तो तसाच बाहेर पडला होता.

गल्ल्यावर बसलेल्या बाईंनी हातातली ड्रिलची डबी बाजूला ठेवली. गळ्यात दोरीने चष्मा, बोटांना ग्रीस. गिऱ्हाईक किती वेळ घेतंय याचा वैताग त्यांच्या तोंडावर नव्हता, यानेच त्याला अवघडल्यासारखं होत होतं. कुठला बोल्ट आहे, त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. मग त्यांनी त्याला समजावलं, नीट, शाळेत समजावतात तसं, की जागा अडचणीची आहे म्हणजे मान हलणारंच घ्या काका, लांबच घ्या, पण जाम बोल्टाला पहिला झटका रॅचेटने देऊ नका, दाते जातील. पहिला झटका साध्या हँडलने, सुटला की मग रॅचेट. हे तो तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आला होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, दंडात नाही तर दांड्यात कुठून... हसू आलं नाही.

“शेवटचा कोणी आवळलाय तो?” बाईंनी सहज विचारलं. “गॅरेजातल्या हवेच्या गनने आवळलेला असला ना, तर पैलवानाच्या हाताने पण निघत नाही.”

“मीच आवळलाय,” तो म्हणाला. “त्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही.”

आणि हे म्हणताना, वाक्य अजून पुरतं व्हायच्या आत, त्याला तो पिवळा ठिपका दिसला. म्हणजे मंगळवारीच दिसला होता. आरसा आत घालून, बॅटरीचा उजेड तिरपा पाडून, बोल्टाच्या डोक्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून एक बारीक पिवळी रेघ. काहीतरी लागलंय, असं म्हणून त्याने आरसा बाहेर काढला होता. काय लागणार होतं तिथे? पिवळ्या रंगाची रेघ गॅरेजमध्ये मारतात, जिथे एका गाडीला चार हात लागतात, म्हणजे आवळणाऱ्याने आवळला हे तपासणाऱ्याला कळावं. घरी एकट्याने काम करणारा माणूस कोणासाठी रेघ मारणार आहे? इतकं साधं. इतकं साधं आणि मी तीन दिवस डोळ्यांवर कातडं ओढून त्या बोल्टाशी झोंबत होतो.

आणि एकदा ते कातडं सरकल्यावर मग काही थांबेना. स्टार्टर कशाला काढला असेल कोणी? गिअरबॉक्स उतरवायला. गिअरबॉक्स कशाला उतरवतात? क्लच बदलायला. रविवारी गाडी घरासमोर लावताना पायाखाली क्लचचं पेडल लोण्यासारखं गेलं होतं आणि तो कौतुकाने बायकोला म्हणाला होता, पोरीचा पाय हलका आहे बघ, एवढी वर्षं झाली, क्लच अजून नव्यासारखा. बायको भाजी चिरत होती. तिने वर पाहिलं नाही. ती बोलकी बाई, लेकीचं कौतुक ऐकून गप्प बसणारी नव्हे... गप्प बसली होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मोठं काम तिकडे कुठल्यातरी गॅरेजात, आणि इकडे तेल, प्लग, आणि सकाळचा तो ‘टक्’, जो त्याने चार दिवस पहाटे उठून, इंजिन थंड असताना, पंधरा-पंधरा वेळा चावी फिरवून ऐकायचा प्रयत्न केला आणि एकदाही ऐकू आला नाही. तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, असं बायको म्हणाली होती. तेही त्याने मानून घेतलं होतं.

पहिल्यांदा आनंद झाला. झाला, खोटं कशाला बोला. गल्ल्याच्या आडोशाला त्याने उजवी मूठ वळली, सोडली, पुन्हा वळली, आणि फडक्याखाली बोट ठणकलं तरी मूठ घट्ट होती, शाबूत होती, मनगट गेलेलं नव्हतं. कोणा पोराने गनचा घोडा दाबून आवळलेला बोल्ट होता तो, त्यात हाताचा काय दोष? हा आनंद किती टिकला असेल... बाईंनी दुसरं एक रॅचेट खोक्यातून काढून समोर ठेवलं, तेवढाच.

डेपोत एक म्हातारा फिटर होता, सगळे त्याला मास्तर म्हणत. हात कापायला लागल्यावर त्याच्याकडून इंजिनाचं काम काढून घेतलं आणि त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवून दिलं, समोर नट-बोल्टांचा ट्रे. मापाप्रमाणे वेगळे करायचे. दिवसभरात मास्तर ते सगळे वेगळे करायचा, आठ खणांत, एकही चूक नाही. आणि तो घरी गेला की फोरमनच्या सांगण्यावरून आम्ही ते पुन्हा एकत्र करायचो, ट्रे हलवून, म्हणजे उद्या त्याला काम असावं. मीही केलंय. वाईट वाटायचं नाही. उलट आपण किती चांगले आहोत असं वाटायचं. एकदा मास्तर एक नट उजेडात धरून म्हणाला होता, “हा आडवा चरा पडलेला, कालही माझ्याच हातात होता.” त्याने तो नट बरोबर खणात टाकला आणि पुढचा उचलला. त्याला कळलंय, हे सगळ्यांना कळलं, आणि त्याच संध्याकाळी ट्रे हलवायची पाळी माझी होती, आणि मी हलवला. म्हाताऱ्याला लाज कशी नाही, असं मनात आलं होतं तेव्हा. पगारासाठी बसतो, असं वाटलं होतं. पगारासाठी कोण बसतं तसं? तिथे आठ वाजता माणसं यायची, मास्तर चहा झाला का म्हणायची.

सर्वांत लांब द्या, तो बाईंना म्हणाला. आणि ते साधं हँडलही. लांबीची लाज आता उरली नव्हती; दुसरीच एक लाज तिच्या जागी येऊन बसली होती आणि तिच्यापुढे ही फारच किरकोळ होती. बाईंनी कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं की वस्तू चांगली आहे, वीस वर्षं काही होत नाही हिला. वीस वर्षं, तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत आणि तोही हसला नाही.

पिशवीतून दांडा वर डोकावत होता. रस्ता ओलांडून तो सावलीच्या बाजूला आला तेव्हा फोन वाजला. लेकीचा. या वेळी ती कामावर असायची, आणि आईच्या फोनवर न करता तिने त्याच्या फोनवर केला होता, म्हणजे बायकोने सकाळचं सगळं सांगितलेलं होतं, बोटासकट.

“बाबा, काही घाई नाही हं,” ती म्हणाली. “नाही निघाला तर राहू द्या तो बोल्ट. इकडे एकजण आहे, तो करून देईल.”

इकडे एकजण आहे. किती हळू म्हणाली. त्याला विचारता आलं असतं, कोण एकजण, पिवळा रंग मारणारा का? सरळ विचारायचं, आणि मग ती रडली असती किंवा चिडली असती, आणि सगळं स्वच्छ झालं असतं, आणि गाडी कायमची गेली असती. गाडी गेली असती. मागून एक ट्रक गेला आणि तेवढ्या वेळात त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते त्याने आधी ठरवलं नव्हतं.

“बोल्ट निघेल. त्याचं काही नाही. पण क्लच झिजलाय तुझा. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एका रविवारात व्हायचं नाही ते.”

पलीकडे कोणीतरी टाइप करत होतं, तो आवाज येत राहिला. आरोप होता का तो? की थाप होती? त्यालाही सांगता आलं नसतं. तिने आता म्हणावं, बाबा, क्लच नवा आहे, असं त्याला वाटलं, मनापासून वाटलं. आणि म्हणू नये, असंही त्याच श्वासात वाटलं. फोन त्याने कानाशी इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

“बरं बाबा,” ती म्हणाली. “बघा मग. गाडी राहू दे तिथेच. मी येतेच रविवारी.”

फोन बंद झाल्यावर तो जागीच उभा राहिला. कीव आली म्हणून हो म्हणाली, की तिलाही यायचंच होतं? दोन्हींतलं एक खरं असणार आणि ते तिला विचारायची सोय आता त्याने स्वतःच्या हाताने बंद केली होती. अख्ख्या नोकरीत गाडीत नसलेला बिघाड त्याने कोणाला सांगितला नव्हता. जे सांगायचे त्यांच्या तोंडावर त्यांना चोर म्हणाला होता, एकदा तर कॉलर धरून. आता लाज वाटेल म्हणून तो वाट बघत थांबला, पिशवी या हातातून त्या हातात घेत. सावली पायांवरून थोडी सरकली. लाज काही आली नाही. त्याऐवजी क्लचचं काम किती लांबवता येईल याचा हिशेब मनात आपोआप सुरू झाला होता... दोन रविवार, फार तर तीन. आणि त्यानंतर ब्रेक म्हणता येतील. ब्रेकच्या बाबतीत कोणी उलटून विचारत नाही.