मार्फत भीमराज

नाहूरला आमच्या वस्तीतलं पहिलं घर आमचं. चौपन्न सालचं. तेव्हा भोवती कमरेएवढं गवत होतं आणि पाण्याला अर्धा मैल चालावं लागे. आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात. मुलगी नागपूरला दिली, आमच्या ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. माझ्या दारात मीटर वाचणाऱ्याशिवाय कुणी येत नाही.

गेल्या वर्षी, शहाऐंशीत, विहाराला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेत वस्तीचा इतिहास हवा म्हणून विहाराचा चिटणीस नंदू वही घेऊन आला. बँकेतली नोकरी, इस्त्रीचा शर्ट. "जयभीम, शकुमावशी. पहिलं घर तुमचंच ना? मग सांगा."

मी सांगितलं. आमचे हे, भीमराज, रेल्वेत गँगमन. कुडाच्या भिंती यांनी स्वतः लिंपल्या. पुढे माणसं राहायला आली, पण पोस्टमनला ठाऊक हे एकच घर. त्यामुळे सगळ्यांची पत्रं 'मार्फत भीमराज' यायची. यांना वाचता येत नव्हतं. मी नावं वाचून द्यायची आणि ड्युटीवरून दमून आलेला हा माणूस पत्रं पोचवायला निघायचा. कुत्र्यांना भयंकर भ्यायचा, तरी जायचा.

इतिहास एवढाच. अर्ध्या तासात आटपला असता. मी तो चार दिवस पुरवला, कारण नंदू समोर बसून चहा प्यायचा आणि मन लावून ऐकायचा. पाचव्या दिवशी त्यानं वही मिटली. "झालं ना, मावशी?"

तो उठला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बिबट्याचं राहिलंच की."

नंदू परत बसला. मग मीही सुटले. यांना बिबट्यासमोर उभं केलं, झुंजवलं, बिबट्याला डोंगरापार पळवून लावलं. तेवढ्यावर आणखी तीन दिवस निघाले. हसायचं तर हसा.

स्मरणिका आली. यांचा फोटो पानभर, खाली 'बिबट्याशी झुंजलेले कालकथित भीमराज'. पत्रांचा एक शब्द नाही. नंदू काही फिरकला नाही, तेव्हा मीच त्याच्या घरी गेले. म्हटलं, "बिबट्या खोटा रे. मीच रचला. पत्रं तेवढी खरी."

"जाऊ द्या ना मावशी," तो हसत म्हणाला. "झकास झालंय. लोकांना आवडलं."

घरी येऊन मी खूप रडले. सोबत हवी म्हणून मी माझ्याच माणसाला त्याच्या घरातून घालवलं होतं. मग नळावर, विहारात, भेटेल त्याला खरं सांगत सुटले. कुणी मान डोलावली, कुणी विषय बदलला.

परवा शेजारची प्रेमा आली. ती इथं राहायला येऊन चार वर्षं झालीत. मला खुर्चीवर बसवून, हात हातात घेऊन ती मायेनं समजावत होती, "मावशी, वय झालं की होतं असं. बिबट्या होता. पुस्तकात आहे ना."