आगबोटीची सवारी

वाचकहो, दिग्रस येथील जैबुनबी नावाच्या एका वृद्ध मातेची आगबोटीवरील जागा कशी गेली, ती कोणाच्या हातून गेली आणि त्या विश्वासघाताचा घाव शेवटी कोणाच्या काळजावर बसला, हे पुढील कथेत यथामती, क्रमवार आणि काहीही न लपविता सांगण्याचे योजिले आहे. कथेतील माणसे साधी आहेत. त्यांच्यापैकी कोणीही राक्षस नाही, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावी. राक्षसाने फसविले तर मनुष्य शिव्या देऊन मोकळा होतो. आपल्याच चुलीपाशी जेवलेल्याने फसविले तर शिवी कोणाला द्यावी हेच त्याला उमगत नाही.

सन १९६० चा वैशाख महिना होता. दिग्रसच्या मोटार अड्ड्यामागे अय्यूब मिस्त्रीचे दुरुस्तीचे छोटेसे दुकान होते. मोटारीचा नुसता आवाज ऐकून तिचे दुखणे सांगणारा कारागीर, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती होती. त्याचा बालमित्र जफर याची नऊ माणसांची जुनी टॅक्सी होती. दिग्रसहून यवतमाळ, बाभुळगाव करीत ती धामणगावच्या रेल्वे ठेसनावर जात असे, आणि मुंबईच्या गाडीसाठी निघालेली माणसे तिच्यात दाटीवाटीने बसत असत. जफर पाच वर्षांचा असताना त्याची आई वारली. तेव्हापासून तो अय्यूबच्या आईच्या, म्हणजे जैबुनबीच्या हातची भाकर खाऊन वाढला आणि तिला अम्मी म्हणू लागला.

आता टॅक्सीच्या धंद्यातील एक रीत येथे सांगणे भाग आहे. रिकाम्या मोटारीत कोणी बसत नाही. आत चार-सहा डोकी दिसली की येणाऱ्याला वाटते, गाडी आता सुटणार. मग तो धावत येऊन बसतो. म्हणून टॅक्सीवाले आपल्या ओळखीची माणसे आत बसवून ठेवतात. ही दाखवायची सवारी. खरी सवारी आली की दाखवायची सवारी पान खायला म्हणून उतरते ती परत येत नाही. अय्यूब स्वतः सात-आठ वर्षे जफरच्या गाडीत असा बसत आला होता. हाताला काम नसले की तो हात धुई, डोक्याला रुमाल बांधी, मांडीवर पिशवी घेई आणि जणू लांबच्या गावाला निघाल्याप्रमाणे गंभीर मुद्रा करून बसे. यात कोणाचे काही बिघडते असे त्याच्या मनात कधी आले नाही. दोस्ताला हात दिला, एवढेच. आईला मात्र त्याने हे कधी सांगितले नव्हते.

जैबुनबीचा भाऊ युनूस हजला निघाला होता आणि आठ दिवसांपासून मुंबईच्या मुसाफिरखान्यात थांबला होता. जैबुनबीचेही कागद तयार होते, लस टोचून झाली होती, परंतु आगबोटीवर जागा नसल्यामुळे तिचे नाव मागे राहिले होते. मंगळवारी सायंकाळी युनूसची तार आली. पोस्टमनने ती दारातच वाचून दाखविली. एक जागा रिकामी झाली होती. गुरुवारी सकाळी अकरापर्यंत जैबुनबीने मुंबईत हजर व्हावे, अन्यथा ती जागा यादीतील पुढच्या नावास जाईल. ही त्या सालची शेवटची आगबोट होती. याचा अर्थ, बुधवारी दुपारी तीन वाजता धामणगावहून सुटणारी गाडी मिळालीच पाहिजे.

"सकाळी आठची सरकारी मोटार पकडतो," अय्यूब म्हणाला. "यवतमाळले बदलली का एक वाजेपर्यंत धामनगाव."

जफर तेथेच बसला होता. तो म्हणाला, "म्या जित्ता असताना अम्मी सरकारी मोटारीत धक्के खात जाईन? मंग माही गाडी कायले हाय, सरपन वाहाले? सकाळी आठले निघू, थेट ठेसनावर. बदलाबदल नाई, काई नाई."

"अन् सवाऱ्या नाई भरल्या तं?"

"भरल्या काय अन् नाई भरल्या काय. अम्मी बसली का गाडी निघाली. तू मले आज ओळखून राह्यला का बे?"

जैबुनबीने जफरच्या डोक्यावरून हात फिरविला. "शेजारच्या बाया मले हासत होत्या," ती म्हणाली, "का एक पोरगं पोटचं असताना दुसऱ्याचं कायले पोसतं म्हनून. आता येऊन पाहा म्हना."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मायलेक अड्ड्यावर पोचले. जैबुनबीच्या अंगावर पांढरे स्वच्छ वस्त्र होते, गळ्यात मोहल्ल्यातील बायांनी घातलेला मोगऱ्याचा हार होता. जफरने पुढच्या आसनावर, खिडकीशी, धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. त्याने अम्मीला हात धरून बसविले. मागे सहा माणसे अगोदरच बसलेली होती. अय्यूबने सरावलेल्या नजरेने एकेकाचा चेहरा पाहिला. गावातील दाखवायच्या सवाऱ्या त्याला तोंडपाठ होत्या, आणि त्यांपैकी यात एकही नव्हती. सहाही अनोळखी. तो निश्चिंत झाला.

आठ वाजता सरकारी मोटार भोंगा वाजवीत आली. कंडक्टर ओळखीचा होता. "या हाजीबाई, पुढं जागा हाय," त्याने हाक दिली.

"आमची गाडी भरली हाय, भाऊ," अय्यूब म्हणाला. "आमी तुमच्या आगोदर पोचतो."

मोटार धूळ उडवीत गेली. यवतमाळकडे जाणारी पुढची सरकारी मोटार एक वाजता होती.

त्यानंतर जफरने अय्यूबला हळूच बाजूला घेतले. "लांबचा रस्ता हाय अन् ऊन पाह्य कसं हाय. पान्याचा पंप थोडा गळून राह्यला. तू हात फिरव, मंग निघूच."

अय्यूबने सदरा काढला आणि तो इंजिनात वाकला. पंप खरोखरच गळत होता. ते काम पाऊण तासाचे होते, परंतु नट गंजल्यामुळे त्याला सव्वादोन तास लागले. मागून जफरची हाक एकसारखी कानावर येत होती. "धामनगाव, धामनगाव. आगबोटीची सवारी बसली हाय. हजची सवारी हाय बाप्पा, गाडी थांबनार नाई." ती हाक ऐकून लोक येत होते, जैबुनबीला नमस्कार-सलाम करीत होते आणि आत चढत होते. मध्येच जफरच्या मेहुण्याची टॅक्सी शेजारी येऊन उभी राहिली. काही सवाऱ्या इकडून तिकडे गेल्या, आणि ती गाडी भरून निघूनही गेली. अय्यूबने मान वर करून पाहिले.

"थे यवतमाळपर्यंतच जाते," जफर म्हणाला. "आपली थेट हाय ना. तू पंप पाह्य."

पंप बसवून अय्यूबने हात पुसले तेव्हा अड्ड्यावरच्या हॉटेलातील घड्याळात साडेदहा झाले होते. तो घाईने आईच्या खिडकीशी आला. जैबुनबी हातातील तसबीहचे मणी थांबवून म्हणाली, "बेटा, एक गोष्ट पुसू काय? मागं सकाळपासून सहाच मानसं हायत. पन चेहरे तिसऱ्या खेपीले बदलले. कोनाजवळ गठुडं नाई, पान्याचा लोटा नाई. हे लोक कुठी चालले?"

अय्यूबने मागे पाहिले. सकाळच्या सहांपैकी पाच तेथे नव्हते. त्यांच्या जागी दुसरे पाच होते, आणि त्यांत मथुराबाई नावाची एक म्हातारी तेवढी खरी प्रवासी दिसत होती, कारण लेकीसाठी नेत असलेल्या पापडांचा डबा तिने पोटाशी धरला होता. तो हॉटेलाच्या मागे गेला. तेथे लिंबाखाली सकाळचे पाचही जण बसून चहा पीत होते. त्यांच्यातील उकंडा नावाचा एक लुकडा मनुष्य त्याला पाहून सरकला आणि जागा देऊन म्हणाला, "बसा मिस्त्री."

"तुमी कोन गावचे?"

"महागावचे. जफरभाऊनं आनलं काल. तो म्हने, दिग्रसच्या बसनाऱ्याईले आता समदे लोक ओळखतात, नवे चेहरे पाह्यजेत." उकंडा चहाचा घोट घेऊन हसला. "पन आज आमची गरजच नोती. समोर थे हाजीबाई बसवली ना, पांढऱ्या कपड्यात, हारबिर घालून. तिले पाहून लोक आपोआप चढून राह्यले. जफरभाऊ म्हनत होते, अशी सवारी एकदा समोर बसली का दोन गाड्या भरते. एक तं गेली पन भरून."

उकंडाला ती हाजीबाई कोणाची आई आहे हे ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. उन्हात उभ्या असलेल्या त्या टॅक्सीकडे अय्यूबने पाहिले. इतकी वर्षे जेथे तो खोटा बसला होता तेथेच त्याची आई आज खरी बसली होती, आणि जफरने तिला दाखवायची सवारी करून टाकले होते. सर्वांत कठीण गोष्ट ही की त्यासाठी जफरला लोकांशी तिच्याविषयी एक अक्षरही खोटे बोलावे लागले नव्हते. आगबोटीची सवारी बसली आहे, ही त्याची हाक अगदी खरी होती.

तो जफरजवळ गेला. "थ्या गाडीत अम्मीले काहून नाई बसवलं?" त्याने विचारले. "यवतमाळहून पुढची मोटार भेटली असती."

"अबे, भेटते ना आपल्याले गाडी. अर्ध्या घंट्यात निघतो."

"रिकाम्या जागा माह्या धर. समद्या. आत्ता चाल."

"तुह्याकडून पैसे घेऊ? अम्मीच्या सवारीचे?" जफरचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "इतकी हलकी दोस्ती समजला काय मले? तीन सवाऱ्या येऊन राह्यल्या, आल्या का निघतो."

"तू तिले दाखवाले बसवलं, जफर."

तेव्हा जफरने आवाज न चढविता, मित्र मित्राला समजावतो तसे उत्तर दिले. "तं काय झालं? तू आठ साल माह्याच गाडीत बसला. पिशवीत चिंध्या भरून बसत होता. तवा तुले कोनाची गाडी चुकन असं वाटलं नाई. धंद्याची रीत तुले मालूम हाय, आता लहान पोरावानी काहून करून राह्यला?"

हे बोलणे खिडकीपासून दोन हातांवर झाले. अय्यूबने वळून पाहिले. जैबुनबी समोरच्या काचेकडे पाहत होती. तसबीह तिच्या मुठीत गच्च धरलेली होती.

शेवटची सवारी बसल्यावर टॅक्सी पावणेबाराला निघाली. जफरने वेगाने हाकली, हे कबूल केले पाहिजे. डांबर वितळत होते, गरम हवेने तोंडे भाजत होती, आणि मागे मथुराबाई पुन्हा पुन्हा विचारीत होती, "तीनची गाडी भेटन ना बाप्पा? माही लेक बडनेऱ्याले उन्हात उभी राहीन." यवतमाळला दोन सवाऱ्या उतरल्या. त्यांच्या जागी दोन घेण्यासाठी जफरने पुन्हा गाडी थांबविली आणि पुन्हा तीच हाक दिली, फक्त या वेळी थोड्या हळू आवाजात. अय्यूब खाली उतरला आणि त्याने जफरचा दंड धरला. हाक बंद झाली, परंतु तोपर्यंत दोन माणसे चढली होती आणि वीस मिनिटे गेली होती.

धामणगावच्या ठेसनावर पोचले तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. फलाट रिकामा होता. एक हमाल सावलीत आडवा पडला होता. "मुंबईची गाडी?" असे अय्यूबने विचारताच त्याने झोपल्या झोपल्याच पश्चिमेकडे हात केला. मथुराबाई पापडांचा डबा खाली ठेवून त्यावरच बसली.

अय्यूबने तारघरातून युनूसमामाला तार केली: एक दिवस थांबवा. तो परत आला तेव्हा जफर बाहेर परतीच्या सवाऱ्या पाहत उभा होता. जफर जैबुनबीजवळ आला. त्याचे डोळे ओले होते, आणि ते पाणी खोटे होते असे म्हणता येणार नाही. "अम्मी, अल्ला कसम, भेटन असंच वाटलं मले," तो म्हणाला. "चला, घरी सोडतो. समोरच बसा."

जैबुनबीने गळ्यातील हार काढून बाकावर ठेवला. "समोर आता नाई बसत, बेटा," ती म्हणाली. "तू जाय. तुह्या सवाऱ्या खोळंबल्या."

जफर गेला. मायलेक बाकावर बसले. मग तिने विचारले, "तू बसत होता, तवा किती लोकाईच्या गाड्या चुकल्या?"

"मले मालूम नाई, अम्मी."

"मालूम नाई का पुसलं नाई?"

अय्यूबने खाली पाहत सांगितले, "पुसलं नाई."

"जफरनं मले एक रोज बसवलं," ती म्हणाली. "तू आठ साल बसला. अन् घरी येऊन माह्याच हातची भाकर खाल्ली." तिचा आवाज शांत होता. अय्यूबला वाटले, तिने ओरडावे, हात उगारावा. परंतु तिने फक्त आपले गाठोडे त्याच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले.

परतीच्या सरकारी मोटारीत ती बायांच्या जागेवर बसली आणि तो मागे उभा राहिला. शुक्रवारी युनूसमामाची तार आली. जागा पुढच्या नावास दिली होती, आगबोट सुटली होती. पोस्टमनने ती वाचली आणि चप्पल काढून क्षणभर तेथेच उभा राहिला.

अय्यूब आईच्या पायांशी बसला. "येत्या साली म्या अर्ज भरतो," तो म्हणाला. "समद्याईच्या आगोदर भरतो. तुले नेऊन बसवतो आगबोटीत."

जैबुनबी तांदूळ निवडीत होती. तिने मान वर केली नाही. "अर्ज तू भर," ती म्हणाली. "ठेसनावर नेनारा मात्र दुसरा पाह्य."

वाचकहो, कथा येथे पूर्ण होते. आपला कामाचा वेळ खर्चून आपण ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे. लिहिण्यात जे उणे राहिले असेल ते माझ्या अल्प शिक्षणाचे समजून उदार मनाने पोटात घालावे.

आपला नम्र,
बळीराम जानूजी मनवर
दिग्रस, जिल्हा यवतमाळ