आत्याची हिरवी डबी आणि खिडकीतली मी

मित्रांनो, मी टोंगातल्या नेआफू गावच्या मालियाच्या स्वयंपाकघरातली एक जुनी काचेची बाटली आहे, आणि त्या हिरव्या डबीचं नाव जरी निघालं तरी माझा जळफळाट होतो.

मालियानं खोबरं किसलं, उन्हात तापवून तेल काढलं, त्यात सुगंधी फुलं मुरवली आणि मला गळ्यापर्यंत भरलं. नाचाच्या आधी पोरींचं अंग माझ्याच तेलानं चमकायचं. "मालियाचं तेल म्हणजे तेल!" असं सगळ्या बायका म्हणायच्या. मी सैल झाकण लावून खिडकीत ऊन खात तोऱ्यात बसायचे.

मग ऑकलंडहून मालियाची नणंद लेसिएली आली. दुसऱ्या दिवशी चर्चच्या सणाला मालियाची लेक, म्हणजे लेसिएलीची भाची हिंगानो, एकटी नाचणार होती. आत्यानं क्रीमची हिरवी डबी काढली.

"हिरव्या चहाचा अर्क आहे गं यात. अँटिऑक्सिडंट! उद्या अंगभर चोळ. झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय?"

आमच्या टोंगात बापाच्या बहिणीपुढे बापही मान वर करत नाही. पण हिंगानोची कातडी भारी नाजूक. जरा काही लागलं की अंगभर चट्टे, मग कसला नाच!

मालिया हळूच म्हणाली, "वन्सं, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण आधी कोपराच्या आत थोडंसं लावून बघू या?"

"मी काय विष आणलंय? मग दुसऱ्या हाताला तुझं तेलही लाव!"

"लावते की. हे तर घरचंच आहे."

मी मनात म्हटलं, उठू देत चट्टे त्या डबीच्या हाताला, चांगले टरारून उठू देत!

सकाळी हिंगानो रडतच आली. डबीचा हात स्वच्छ होता. माझ्या तेलाचा हात लालबुंद झाला होता.

मालियानं मला हुंगलं. "शी! खवट झालंय. उन्हातच ठेवलं होतं ना मी."

"घरचंच म्हणे!" आत्या फणकारली. पण तिनंच पोरीच्या लाल कोपराला फुलांचं कडं बांधलं. डबीतलं लावून हिंगानो नाचली. चमक जरा कमीच होती, हे मी मुद्दाम सांगते! पण पोर मनसोक्त नाचली.

मित्रांनो, तेल सावलीत, घट्ट झाकणात ठेवा. खवट वास आला की टाकून द्या. आणि डबीतलं असो की आईच्या हातचं, अंगाला लावण्याआधी थोडंसं लावून एक दिवस थांबा. आत्यानं 'तुझं तेलही लाव' असा टोमणा मारला नसता, तर मला कोणी तपासलंच नसतं. सगळ्यांनी मला मायेनं अंगभर चोळलं असतं, आणि हिंगानो त्या दिवशी घरात खाजवत बसली असती.